मोजलेली माणसं कुठे राहतात

नोकरीत असताना कुणी विचारलं, "काय करता?" तर मी सांगायची, "नकाशे काढते." समोरचा लगेच म्हणायचा, "म्हणजे आर्किटेक्ट?" मग मी चहाचा विषय काढायची. पालिकेत आरेखक म्हणून लागले. निवृत्त होताना हुद्द्याचं नाव लांबलचक झालं होतं, पण काम तेच राहिलं, रेषा ओढण्याचं. फक्त काही वर्षांनी एकदा असा हंगाम यायचा की ज्या शेजारणीने कधी मीठसुद्धा उसनं दिलं नाही ती पुरणपोळ्या घेऊन दारात उभी राहायची, आणि पांढऱ्या कपड्यांतले अनोळखी लोक नेरुळच्या बाजारात माझी भाजीची पिशवी उचलायला धावायचे. प्रभागरचनेचा हंगाम! पालिकेच्या निवडणुकीआधी शहराचे तुकडे पाडायचे असतात, आणि ती सुरी माझ्या हातात आहे असा सगळ्यांचा समज होता. सुरी माझी नव्हती. मी फक्त ती धरायची.

काम कळायला सोपं आहे. शहरातल्या एकूण माणसांना नगरसेवकांच्या जागांनी भागायचं. जो आकडा येईल तेवढ्या माणसांमागे एक जागा. मग नकाशावर असे प्रभाग पाडायचे की प्रत्येकात तेवढीच माणसं येतील. अगदी तेवढीच येत नाहीत, म्हणून शेकडा दहा वर-खाली चालतं. सुरुवात उत्तरेकडून करायची आणि नांगर फिरवल्यासारखं पूर्व-पश्चिम करत दक्षिणेला येऊन थांबायचं. रेषा न्यायची ती रस्ता, नाला, रेल्वे, डोंगर यांच्यावरून. कुणाच्या स्वयंपाकघरातून न्यायची नाही. जनगणनेच्या वेळी एका प्रगणकाच्या वाट्याला जेवढी घरं येतात त्यांचा एक गट असतो. तो गट फोडायचा नाही, पुरा उचलायचा आणि पुरा ठेवायचा. आमदार-खासदारांच्या मतदारसंघांचंही तत्त्व हेच, फक्त पातेलं मोठं.

एवढ्या साध्या हिशोबापायी माणसं काय काय करतात ते मी पाहिलंय. एका सोसायटीचे सेक्रेटरी हरकत घेऊन आले होते. म्हणणं काय, तर आमच्या टॉवरला शेजारच्या झोपडपट्टीच्या प्रभागात घालू नका, फ्लॅटचा रेट पडतो. मी म्हटलं, "साहेब, प्रभाग सातबाऱ्यावर लागत नाही." तर म्हणाले, "मॅडम, मार्केटमध्ये सेंटिमेंट असतं." दुसरे एक इच्छुक उमेदवार. त्यांचं घर नाल्याच्या पलीकडे गेलं म्हणून ते नाला सरकवायची परवानगी मागायला आले. चेष्टेने नव्हे, अर्ज टाइप करून. अशा लोकांनी मला हसवलं, आणि त्यांच्यामुळे नोकरी बरी गेली.

पण या कामात एक गोष्ट होती जिला मी कधी हसू शकले नाही. माणसं धरायची ती शेवटच्या जनगणनेतली. पुढची जनगणना लांबत गेली, लांबत गेली, आणि आम्ही जुन्याच आकड्यांवर रेषा ओढत राहिलो. त्या आकड्यांत माझे सासरे आहेत. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. पण आमच्या सेक्टरच्या गटाचा आकडा मांडला की त्यात ते असतातच, आणि त्यांच्यासकट भागाकार होतो. शाळेतली माझी मैत्रीण, समोरच्या इमारतीतला गॅलरीतून पडलेला मुलगा, सगळे असतात. उलट त्यानंतर जन्मून आता कॉलेजात जायला निघालेली पोरं नसतात. दुपारी ऑफिस शांत झालं की मला वाटायचं, आपण शहर जिवंत माणसांत वाटत नाही आहोत. एक दुसरंच शहर आहे, या शहराच्या खाली बसलेलं, आणि जागा त्याला मिळताहेत. जाधव साहेबांना हे एकदा बोलून दाखवलं. ते आमचे उपअभियंता, साताऱ्याकडचे, रोखठोक. म्हणाले, "बाई, बीपीची गोळी घेता का वेळेवर?"

आता निंबवण्याची गोष्ट सांगते. गावाचं खरं नाव हे नाही. सारसोळे, शिरवणे इकडच्या लोकांनी ओळखलं तरी त्यांनी ते मनात ठेवावं.

निंबवणे म्हणजे सेक्टरांच्या मधोमध उरलेलं जुनं गाव. भातशेती गेली, त्या पैशांतून चार-चार मजली घरं उठली, खाली गाळे, वर भाडेकरू. गावापासून खाडीकडे गेलं की खाजणात, म्हणजे भरतीचं पाणी येतं त्या खारजमिनीत, मिठागराचा पाडा होता. मीठ पिकवणारी, गावाच्याच भाऊबंदांची वस्ती. जनगणना झाली आणि त्यानंतर एका उधाणाला खाडीचा बांध फुटला. काही माणसं गेली. उरलेली वर्षभरात पांगली, कुणी तुर्भ्याला खोली घेतली, कुणी पनवेलच्या अंगाला गेलं, कुणाचा पत्ताच लागला नाही. आज तिथे घरांची जोती आहेत आणि त्यांतून तिवरांची खारफुटी उगवली आहे. माणूस म्हणाल तर एक नाही. पण नकाशावर तो गट तसाच, भरल्या घराचा आकडा घेऊन बसलेला.

आणि त्या आकड्याने घोटाळा केला. गाव, पाडा आणि लगतचे सेक्टर मिळून प्रभागाचा आकडा मर्यादेच्या वर जायचा. सेक्टरांच्या मागे रेल्वे होती, तिकडून काही काढता येत नव्हतं. मग गावाची वरची आळी तोडून शेजारच्या प्रभागाला देणं भाग पडलं. तिकडे टॉवरच टॉवर. म्हणजे गाव दोन्हीकडे अर्धं होणार, आणि गावचा माणूस कुठूनच निवडून येणार नाही. जे आता तिथे राहत नव्हते त्यांच्या गर्दीमुळे जे राहत होते त्यांचं गाव फुटत होतं. पाडा वगळता येत नाही का, असं मी विचारून पाहिलं. जाधव साहेब म्हणाले, "वगळून ठेवणार कुठं? मोजलेला माणूस कुठंतरी ठेवायलाच लागतो." पाडा गावापासून तोडावा हे मात्र आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. एक तलाठी, एक गावदेवी, एक पालखी. दोन्ही पहिल्यापासून एकत्रच धरलेलं.

प्रारूप होईपर्यंत हे सगळं गुपित असतं. खोलीला कुलूप, मोबाइल बाहेर, आत जाधव साहेब, मी आणि एक कारकून. नकाशा तयार झाला की रेषा प्रत्यक्ष जागेवर जाऊन बघायची. नकाशातला रस्ता जमिनीवर असतोच असं नाही. कुणी विचारलं तर सांगायचं, नालेसफाईची पाहणी. त्या दिवशी निघण्याआधी मी एकटीच नकाशावर बसले होते. वरच्या आळीची रेषा तलावाच्या काठाने जात होती, ती मला खटकली. एक गट उचलून ती मी तलावाऐवजी ट्रान्सफॉर्मरच्या कोपऱ्यावरून वळवली. साहेबांना जीपमध्ये बसल्यावर सांगितलं. ते "बरं" म्हणाले.

रेषेचं पहिलं वळण मोरीपाशी होतं. तिथे वडाच्या पानावर मूठभर जाडं मीठ, त्यावर गुलाल आणि एक सुपारी. मी लक्ष दिलं नाही, गावाकडे असं कुठेतरी काहीतरी असतंच. दुसरं वळण पाण्याच्या टाकीमागे. तिथेही पान, मीठ, गुलाल, सुपारी. साहेब थांबले. म्हणाले, "पुढं चला." दोन वळणांच्या मधल्या सरळ वाटेवर कुठे काही नव्हतं. मी मनात घोकत होते की ट्रान्सफॉर्मरपाशी काही नसू दे.

होतं. पान ताजं होतं, मीठ अजून ओलसर. मग आम्ही मुद्दाम तलावाच्या काठाने चालून आलो, जिथून रेषा कालपर्यंत जात होती. तिथे काहीच नव्हतं.

"नकाशा फुटला," साहेब म्हणाले.

"कधी फुटला? सकाळी तर बदलला. तुम्हाला जीपमध्ये कळलं."

ड्रायव्हरने परत जाताना गाडी त्या वळणांवरून घ्यायला नकार दिला आणि लांबच्या रस्त्याने नेली. साहेबांनी त्याला नेहमीसारखं झापलंही नाही. त्या आठवड्यात त्यांनी नकाशाची खोली दोनदा आतून बाहेरून तपासली, कपाटामागे बॅटरी मारून पाहिली. मी त्यांना बीपीची गोळी घेतली का असं विचारलं नाही, हे माझं मोठेपण.

प्रारूप प्रसिद्ध झालं आणि निंबवणे पेटलं. हरकतींचे गठ्ठे आले. सुनावणीला गावचा पुढारी बाळाराम सगळ्यांच्या वतीने उभा राहिला. भला माणूस, बिल्डिंग मटेरियलचं दुकान, आवाज माइकची गरज नसलेला. "साहेब, आमी इथले मूळचे लोक. जमिनी दिल्या, शहर उभं केलं. आता गाव पन तोडता? वरची आली गेली तर आमचा कोन निवडून येनार?"

सुनावणीचे अधिकारी बाहेरून आलेले होते, शांत गृहस्थ. म्हणाले, "तुमचं दुःख समजतं. पण आकडा बसला पाहिजे. आळी आत घ्यायची तर दुसरं काय बाहेर काढू ते सांगा. आकडा बसणारा पर्याय द्या, मी आत्ता मान्य करतो."

बाळारामने सेक्टरांकडे बोट दाखवलं, मी रेल्वे दाखवली. त्याने नाला दाखवला, मी आकडा दाखवला. सभागृहात कुजबुज वाढली. इतक्यात मागून एक बाई उठली. सत्तरीची, काटक, आगरी पद्धतीचं गुडघ्यापर्यंतचं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा. बाळारामची चुलती, हिरूबाय. तिला मी पहिल्यांदाच पाहत होते, पण तिने माझ्याकडे मी ओळखीची असल्यासारखं बघितलं.

"माजा पारा द्या तिकरं," ती म्हणाली. "खाजनातला पारा. नाल्याच्या पल्यार टाका. गाव नका तोरू."

मी आकडे केले. पाडा बाहेर, आळी आत, दोन्ही प्रभाग मर्यादेत. नाल्याच्या पलीकडे पाड्याची हद्द शेजारच्या प्रभागाला चिकटतच होती. इतकं सोपं! आणि इतक्या दिवसांत आम्हाला सुचलं नव्हतं.

गावाला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. बाळाराम चवताळून वळला. "काकी, काय बोलतेस? आपली मानसं हायेत ती!"

"हायेतच," हिरूबाय म्हणाली.

मग मला कळलं. बांध फुटला तेव्हा तिचा नवरा धर्मा आणि मुलगा काशिनाथ पाड्यात होते, दोघंही गेले. ती त्या दिवशी गावात लग्नाला आली होती. दर वर्षी गावदेवीची पालखी शीव फिरताना फुटलेल्या बांधापाशी थांबते, आणि गाव पाड्यातल्यांना 'तुम्ही आमचेच' म्हणून सांगतं. बाळाराम तिला समजावत होता की वॉर्डाची हद्द वेगळी, देवीची वेगळी. पालखी पहिल्यासारखीच जाईल. ती मान हलवत होती. "मोजलीत ना तुमी त्यांना? मोजली म्हनून तर गाव फुटतंय. म्हंजे ती हायेत. आता जिकरं त्यांना मोजाल तिकरं ती जातील. दुसऱ्याच्या शिवेत. दोगंच्या दोगं, वलखीचं कोन नाय." मग म्हणाली, "तरी पन द्या. वरच्या आलीत पोरं हायेत."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि पर्याय नोंदवून घेतला.

बाहेर व्हरांड्यात मी तिला गाठलं. विचारायचं होतंच. "मावशी, वळणांवर मीठ कुणी ठेवलं होतं?"

"मी ठेवला. शीव बदलली का बांदावी लागतं. नाय तं बाहेरची आत शिरतात."

"पण वळणं कुठे ते कुणी सांगितलं?"

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की शहाणीसुरती बाई असं काय विचारते! "पाऱ्यातली बोलली. तू शीव हलवतेस तवा त्यांना कलत नाय का?"

मी पंचवीस वर्षं त्या खात्यात काढली, फाइलीला उत्तर देणं माझ्या हाडात मुरलेलं. तर्क मी पुष्कळ लढवले. ती जुनी माणसं, जमिनीचे चढउतार ओळखतात, रेषा कुठून जाईल याचा अंदाज येत असेल. पण ट्रान्सफॉर्मरचा कोपरा मी एकटीने बदलला होता, आणि जीपमध्ये बसेपर्यंत मी कुणाशी बोलले नव्हते. नकाशावर गट हलवताना आपण कागद हलवतोय असंच मला तोवर वाटायचं.

अंतिम रचनेआधी नवी रेषा जागेवर पाहायची होती. आता ती फुटक्या बांधावरून जात होती. जाधव साहेब आणि मी दुपारी गेलो तेव्हा ओहोटी होती. हिरूबाय बांधावर आधीच उभी, हातात पितळेची ताटली. आमच्या येण्याचं तिला कुणी कळवलं नव्हतं, आणि याचंही आम्हाला आता आश्चर्य वाटलं नाही. साहेबांनी तर तिला पाहून बूट काढले. का काढले ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

नाला ओलांडून पलीकडे जोती दिसत होती. एका जोत्यावर चुलीचे तीन दगड अजून जागच्या जागी. खाडीवर एरवी केवढे पक्षी असतात! त्या दुपारी एकही आवाज नव्हता. रस्त्यावरच्या ट्रकांची घरघरसुद्धा तिथवर येत नव्हती.

तिने ताटलीतलं मीठ रेषेवर ओतलं, बरोब्बर रेषेवर, आणि मग एकेक नाव घ्यायला लागली. पाड्यातल्या सगळ्यांची नावं. घर घेऊन, घरातली माणसं घेऊन, थोरल्यापासून तान्ह्यापर्यंत, मेलेली आणि पांगलेली अशी निवड न करता. प्रत्येक नावानंतर ती थांबायची. दार वाजवल्यावर आतून कुणी यायला वेळ लागतो, तेवढं. उत्तर येत नव्हतं. तिवरांची पानंसुद्धा हलत नव्हती. ती पुढचं नाव घ्यायची. जनगणनेचे प्रगणक मी पाहिलेत, ते इतक्या मनापासून कधी विचारत नाहीत.

ऊन कलायला लागलं. साहेब जमिनीकडे बघत होते. शेवटी तिचं घर आलं. "धर्मा," ती म्हणाली. थांबली. काही नाही. "काशिनाथ." यावेळी जास्त वेळ थांबली. ओठ घट्ट मिटलेले, मान थोडी पुढे. तिकडून काही नाही. मला वाटलं, संपलं. मी पर्स उचलली.

पण जनगणनेच्या दिवशी त्या घरात तिघं मोजली गेली होती. तिने खांदे सरळ केले आणि लग्नात उखाणा घेताना घेतात तशा ठसठशीत आवाजात स्वतःचं नाव घेतलं. "हिराबाय धर्मा."

"ओ," नाल्याच्या पलीकडून आवाज आला.

बाईचा आवाज होता, हिरूबायसारखाच पण काही वर्षांनी तरुण, कामात असलेल्या बाईने हातातलं काम न सोडता द्यावा तसा. मी साहेबांकडे पाहिलं, साहेब माझ्याकडे बघत होते. हिरूबाय माझ्या शेजारी, मिटल्या ओठांनी उभी होती.

मग तिने मोठा श्वास सोडला. कितीतरी वर्षांचा असावा. पदराने तोंड पुसलं, रिकामी ताटली काखेला लावली, आणि मला म्हणाली, "बरा झाला गो बाय. तिकरं दोगांना भात कोन वारील, त्याचाच घोर होता मना."